ओव्हनच्या पोटातली तार

नानकटाईचा पहिला ट्रे आत गेला. दिवा लागला, पंखा घुमू लागला, वेलदोड्याचा वास पसरायला लागला आणि तेवढ्यात ओव्हन तीनदा केकाटला. पडद्यावरचं तापमान गेलं नि त्या जागी एक अक्षर आणि दोन आकडे लुकलुकू लागले. पुस्तिका शोधून काढली. त्या आकड्यांपुढे लिहिलं होतं : ‘संवादात बिघाड’.

आईनं चष्मा वर केला. “संवाद? तो कुणाशी बोलतो?”

प्रश्न बिनतोड होता. उत्तरासाठी आधी जुन्या बेकरीत जायला हवं. सुट्टीत पिठाचा डबा घेऊन आम्ही तिथं जायचो. गल्ल्यावरचा माणूस डबा घ्यायचा आणि आत ओरडायचा, “नानकटाई, जरा खरपूस!” भट्टीवरचा आतून “हो” म्हणायचा. गल्ल्यावरच्यानं कधी भट्टीला हात लावला नाही, भट्टीवाला कधी गल्ल्यावर आला नाही. काम चालायचं ते त्या हाळीवर आणि त्या हुंकारावर.

आजच्या ओव्हनमध्ये तेच दोघं आहेत. काचेमागचं डिस्प्ले कार्ड हा गल्ल्यावरचा. बोट कुठं टेकलं ते ओळखायचं, आकडे दाखवायचे, हुकूम आत पोचवायचा. मागच्या बाजूचं पॉवर कार्ड हा भट्टीवरचा. २३० व्होल्टची वीज त्याच्या ताब्यात. दोन हजार वॉटची कॉइल पेटवायची तर जवळपास ९ अँपिअरचा प्रवाह त्याचा रिले ‘टक्’ करून जोडतो. आत किती तापलंय हे बहुतेक ठिकाणी त्यालाच कळतं, तेही प्लॅटिनमच्या बारीकशा सेन्सरकडून. शून्य अंशाला ज्याचा रोध १००० ओहम असतो, त्याचाच २०० अंशाला सुमारे १७५८ होतो. रोध मोजला की तापमान कळलं. आणि या दोघांमध्ये? शेवयांसारख्या तीन-चार वायरी. एक पुरवठ्याची, एक ग्राउंडची आणि उरलेल्या एक-दोन निव्वळ बोलण्यासाठी.

बोलणं म्हणजे व्होल्टेजची उघडझाप. कंपनीगणिक बोली बदलते. काही घरगुती यंत्रांत तर मोटारींसाठी तयार झालेली, एकाच वायरवर चालणारी ‘लिन’ पद्धत असते, म्हणजे आपली एकतारीच. पण यातल्या बहुतेक बोलींचं व्याकरण एका घराण्यातलं आहे. सेकंदाला ९६०० ठोके हा आजच्या मानानं अगदी निवांत वेग धरू. एक ठोका १०४ मायक्रोसेकंदांचा. एका अक्षराला दहा ठोके : पहिला ‘ऐक’ म्हणणारा, मधले आठ मजकुराचे, शेवटचा ‘संपलं’ सांगणारा. पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग धरला, तरी तेवढ्यात ९६ अक्षरं पलीकडे पोचलेली असतात. गंमत अशी की दोघांचं घड्याळ एक नसतं. ज्याचं त्याचं वेगळं. प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला तो ‘ऐक’ ऐकून ऐकणारा आपली मोजणी नव्यानं सुरू करतो, म्हणून ताल टिकतो.

ही रीत आली कुठून? तारखात्यातून. ठोक्यांच्या या वेगाचं माप ‘बॉड’ आहे, आणि ते नाव एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्रज्ञाचं. त्यानं आपल्या पाच खुणांच्या लिपीचं पेटंट १८७४ मध्ये घेतलं. अक्षराच्या आधी ‘ऐक’ नि नंतर ‘संपलं’ ही शिस्त पुढे टेलिप्रिंटरांनी घालून दिली. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा अनेकांना गहिवरून आलं होतं. ती बंद झाली पोस्टात. ओट्याखाली ती चालूच आहे.

तारेच्या माथ्यावर शब्दांची संख्या लिहिलेली असे. घेणारा तारबाबू शब्द मोजून पाहायचा. जुळले नाहीत तर तार परत मागवायची. शाळेत गुणाकार करून झाल्यावर आपण ताळा करायचो, त्यातलाच हा प्रकार. ओव्हनमधली कार्डंही प्रत्येक निरोपाच्या शेपटाला असा ताळा जोडतात. रिलेच्या ठिणगीनं एखादा ठोका बिघडला की ताळा चुकतो, निरोप फेकून दिला जातो आणि पुन्हा विचारणा होते. आपल्याला पत्ताही लागत नाही.

त्याहून मोठं आश्चर्य पुढे आहे. कुणी बोलत नसतं तेव्हा ही वायर शून्यावर नसते, ती भरलेली असते, पाच किंवा बारा व्होल्टवर. बोलायचं असलं की ती खाली ओढायची. हाही तारखात्याचाच वारसा. लाइन भरलेली असली म्हणजे ती शाबूत आहे, फक्त कुणी बोलत नाहीये. लाइन मेली म्हणजे कुठंतरी तुटली. गप्प बसणं आणि मरून जाणं यांतला फरक त्या माणसांनी तेव्हाच ओळखला होता.

आणि ओव्हनमध्ये तर गप्प बसण्यालाही मुदत आहे. ही दोन कार्डं ठरल्या वेळानं एकमेकांना विचारत राहतात, “आहेस ना?” “आहे.” ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही की भट्टीवाला हातातलं काम टाकतो, रिले सोडतो, कॉइल विझवतो. आपण म्हणतो, मौन म्हणजे संमती. ज्यानं ओव्हन बनवला त्यानं ही म्हण उलटी करून ठेवली : इथं मौन म्हणजे नकार. गल्ल्यावरचा बेशुद्ध पडलेला असताना भट्टी अडीचशे अंशावर पेटती ठेवणं परवडणारं नाही. आमची नानकटाई कच्ची राहिली, ती या शहाणपणामुळे.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. “काकू, कार्ड गेलं असंच सांगितलं असेल ना फोनवर? आधी बघू तरी.” त्यानं आधी एमसीबी पाडला आणि पाच मिनिटं चहा घेत थांबला. कारण पॉवर कार्डावरचा मोठा कपॅसिटर वीज बंद झाल्यावरही सव्वातीनशे व्होल्टपर्यंतचा भार धरून बसू शकतो. शिवाय अनेक कार्डांत पाच व्होल्टची बाजूही मेन लाइनशी जोडलेलीच असते. ‘पाचच तर व्होल्ट’ म्हणून हात घालणाऱ्याला झटका बसतो तो इथं.

“हा कोड फक्त भांडण झालंय एवढं सांगतो,” तो म्हणाला. “चूक कोणाची, ते नाही सांगत.” संशयित तीन : बोलणारा, ऐकणारा आणि मधला रस्ता. एकाच वायरवर दोनपेक्षा जास्त कार्डं असली तर चौथाही. त्यातलं एक बिघडून वायर खाली ओढून बसलं की बाकी सगळे मुके होतात. मग एकेकाला सोडवून पाहावं लागतं. कार्ड बदलणं शेवटी, कारण ते सगळ्यांत महाग, आणि नव्या कार्डातला प्रोग्रॅम जुन्याशी जुळला नाही तर पुन्हा तोच कोड. रस्ता सगळ्यांत स्वस्त, म्हणून सुरुवात तिथून.

मल्टिमीटरची टोकं त्यानं वायरीच्या दोन्ही बाजूंना टेकवली. बीप अखंड. वायर शाबूत. मग त्यानं कनेक्टर चिमटीत धरून हलकेच हलवला. बीप तुटली.

कनेक्टर काढून त्यानं टॉर्चखाली धरला. कथिलाचा मुलामा दिलेल्या पिनांवर काळसर डाग. ओव्हन तापला की धातू फुगतो, निवला की आकसतो. दर खेपेला पीन आपल्या घरात काही मायक्रोमीटर सरकते. तेवढ्या घासण्यानं कथिल उघडं पडतं, त्याचा ऑक्साइड होतो, तो वीज वाहू देत नाही. दर नानकटाईला थोडा थोडा साचत जातो. ‘काढून परत लावलं की चालतं’ हा आपला घरगुती मंत्र खरा ठरतो तो यामुळेच : काढताना तो थर खरवडला जातो. पण तात्पुरताच. त्यानं पिना साफ केल्या, वायर बदलली, कोड गेला.

निघताना त्यानं विचारलं, “काकू, भाजून झालं की मेन स्विच लगेच बंद करता का?”

“मग? तशी सवयच आहे आम्हाला,” आई अभिमानानं म्हणाली.

“बंद केल्यावरही पंखा चालू राहतो ना, तो कार्डांसाठी असतो.”

आत दोनशे अंश, आणि वितभर अंतरावर असे कपॅसिटर, ज्यांना १०५ अंशांपलीकडे सोसत नाही आणि प्रत्येक दहा अंशांनी ज्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं. पेटी निवेपर्यंत पंखा त्यांना वारा घालत असतो. आम्ही शिस्त म्हणून रोज त्याच वेळी वीज तोडत होतो.

त्या संध्याकाळी नानकटाईचा दुसरा ट्रे खरपूस निघाला. आई सवयीनं स्विचकडे गेली, बोट टेकवलं आणि थांबली. पंखा घुमत होता. तो आपणहून थांबेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.