खनिज देशात राहिलं, पण कुठल्या गावात?

हजिऱ्याहून निघालेले ट्रेलर इच्छापोरवरून सुरतेकडे येतात, तेव्हा पाठीवर बहुधा पोलादाची एखादीच कॉइल साखळदंडांनी आवळलेली असते. उरलेला ट्रेलर रिकामा दिसतो, पण त्या एका कॉइलचं वजनच वीस-पंचवीस टनांपर्यंत जातं. धुळे-जळगावकडच्या ड्रायव्हरांना हा रस्ता तोंडपाठ. पूर्वीचा सहा नंबरचा, आताचा त्रेपन्न नंबरचा राष्ट्रीय महामार्ग हजिऱ्याला सुरू होऊन खानदेश, विदर्भ, रायपूर करत ओडिशातल्या पारादीपला संपतो. पारादीप बंदर १९६६ साली सुरू झालं ते मुख्यतः लोहखनिज जपानला पाठवण्यासाठी. त्याच रस्त्याच्या या टोकाला, हजिऱ्यात, देशातल्या खनिजाचं पोलाद होतं. आपलं खनिज आपण वितळवावं की विकावं, या जुन्या वादाची दोन उत्तरं एकाच रस्त्याच्या दोन टोकांना उभी आहेत.

वाद सुरू झाला तो आपल्याच मुलखात. इच्छापोरपासून फार लांब नसलेल्या नवसारीत जन्मलेल्या जमशेटजी टाटांच्या हाती १८८२ साली चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजावरचा रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा अहवाल पडला. खनिज उत्तम आणि वरोऱ्याची कोळशाची खाण जवळच. पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालेना आणि सरकारच्या अटीही जाचक. पुढे लॉर्ड कर्झनच्या काळात नियम सैल झाले, तेव्हा जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी पुन्हा चांद्याच्या मागे लागले. नागपुरात सरकारी कामासाठी ताटकळत असताना समोरच्या संग्रहालयात त्यांना दुर्ग जिल्ह्याचा भूगर्भ-नकाशा दिसला आणि शोध पूर्वेकडे सरकला. शेवटी कारखाना उभा राहिला साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, झरियाच्या कोळशाच्या आसऱ्याने. १९१२ साली तिथे पोलाद निघालं. चांद्याचं खनिज जागच्या जागी राहिलं. भट्टी खनिजाकडे जात नाही, जळणाकडे जाते. पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

स्वतंत्र भारताने दोन्ही वाटा धरल्या. एकीकडे भिलाई, राउरकेला, दुर्गापूर. दुसरीकडे १९६० साली जपानी पोलाद गिरण्यांशी करार करून बस्तरच्या बैलाडिला डोंगराचं खनिज विकायचं ठरलं. परकीय चलनाची चणचण होती. नुसता देशाभिमान धरून बसण्याची ऐपत नव्हती, हे आज टीका करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. किरंदुल ते कोत्तवलसा अशी पूर्व घाट फोडून नवी रेल्वे टाकली आणि १९६८ साली खाण चालू झाली. विशाखापट्टणमहून बोटी भरून खनिज जपानला जाऊ लागलं. ज्या यावाता आणि फुजी कंपन्यांच्या देशात ना पुरेसं खनिज होतं ना कोळसा, त्यांनी दुसऱ्यांच्या मातीवर जगातला एक अव्वल पोलाद उद्योग उभा केला. १९७० साली त्या दोघी एक होऊन निप्पॉन स्टील झाल्या.

हजिऱ्याचा प्रवेश यानंतरचा. मुंबई हाय आणि दक्षिण बसीनचा गॅस इथे किनाऱ्यावर आला, हजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनी टाकली गेली, आणि कोळसा नसलेल्या या किनाऱ्याला एकदम जळण मिळालं. एस्सारने जर्मनीतल्या एम्डेनचा बंद पडलेला प्लांट उचलून इथे आणला आणि १९९० साली सुरू केला. गॅसच्या भट्टीत खनिज वितळतच नाही. गॅसमधला हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतात, मागे उरतं ते सच्छिद्र स्पंज आयर्न, आणि मग ते विजेच्या भट्टीत वितळवायचं.

खनिज आणायचं कुठून? त्याच बैलाडिलाहून. किरंदुलला खनिज पीठ होईपर्यंत दळायचं, पाण्यात कालवायचं आणि २६७ किलोमीटरच्या पाइपातून विशाखापट्टणमला सोडायचं. तिथे पाणी काढून, करवंदाएवढ्या गोळ्या वळून भाजायच्या. त्या पेलेट बोटीत भरून, द्वीपकल्पाला वळसा घालून खंभातच्या आखातात. २००९ साली माओवाद्यांनी हा पाइप फोडला होता. एवढ्या लांबून येणारं खनिज "स्वदेशी" म्हणायला हरकत नाही; पण दंतेवाड्याच्या माणसाला ते विशाखापट्टणमहून हजिऱ्याला गेलं काय आणि जपानला गेलं काय, फरक काय पडला? तिथल्या शंखिनी-डंकिनी नद्यांचं पाणी दोन्ही वेळा लालच झालं. उलट, पाइपाला ना हमाल लागतो ना वाघिणी.

हजिऱ्याचं जळणही कायमचं नव्हतं. नंतर मिळालेला कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला, पोलादाचा नंबर वाटपात मागे पडला, आयात गॅस परवडेना, कर्ज फुगलं. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरीसाठी पुढे केलेल्या बारा बड्या खात्यांत एस्सार स्टील होतं. डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे ४२,००० कोटी रुपयांत कारखाना घेतला आर्सेलरमित्तल आणि निप्पॉन स्टीलने. साठ वर्षांपूर्वी ज्यांना आपण बैलाडिलाचा दगड विकत होतो, ते आता त्याच बैलाडिलाचं पोलाद हजिऱ्यात बनवून विकतात. यात मला नामुष्की वाटत नाही, पण "आपणच वितळवतो" म्हणून छाती फुगवण्याजोगंही काही दिसत नाही. त्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये भूमिपूजन झालेल्या विस्तारात झोतभट्ट्या आहेत. त्यांना कोकिंग कोळसा हवा, आणि तो भारत बहुतांश बाहेरून, ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून आणतो. खनिज घरचं, आग परक्याची.

गोव्याची तऱ्हा निराळी. तिथलं हलक्या प्रतीचं खनिज देशातल्या भट्ट्यांना नकोच होतं. ते आधी जपानला, मग चीनला बार्ज भरभरून गेलं, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या त्या वितळवण्याच्या मुद्द्यावर नव्हे, बेकायदा उपशावर. दिल्लीनेही निर्यात शुल्काचा नळ कधी उघडा तर कधी बंद ठेवला: २०११ मध्ये ३० टक्के, मे २०२२ मध्ये ५० टक्के, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात माघार. इंडोनेशियाने २०२० मध्ये कच्च्या निकेलची निर्यात सरळ बंद केली आणि भट्ट्या खरोखर उभ्या राहिल्या, पण बऱ्याचशा चिनी भांडवलावर.

मला वाटतं "देशाने वितळवावं का" हा प्रश्न अर्धाच आहे. कुठल्या जिल्ह्याने, हा उरलेला अर्धा. बस्तरला स्वतःची भट्टी मिळाली ती नगरनारला, २०२३ साली, खाण सुरू झाल्यावर पंचावन्न वर्षांनी. मधल्या काळात लोहंडीगुड्यात टाटांच्या कारखान्यासाठी घेतलेली जमीन कारखाना न होताच शेतकऱ्यांना परत द्यावी लागली.

आता पाळी गडचिरोलीची. सुरजागडचं खनिज बाहेर नेऊ नका, इथेच कारखाना काढा, ही मागणी खाणीइतकीच जुनी. २०१६ साली खाणीवरची वाहनं जाळली गेली, काम बंद पडलं, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं. २०२५ च्या जुलैत हेडरी ते कोनसरी असा पाइप आणि कोनसरीचा पेलेट कारखाना सुरू झाला. या वेळी पाइपाची दोन्ही टोकं एकाच जिल्ह्यात आहेत, हे किरंदुलला कधी मिळालं नव्हतं. पण पेलेट म्हणजे पोलाद नव्हे, आणि कोनसरीच्या पेलेट कुठल्या भट्टीत जातात, कायम कामगारांच्या यादीत एटापल्ली आणि चामोर्शीची किती नावं आहेत, हे दर वर्षी विचारत राहावं लागेल.