अस्वलाच्या गावी

बडोद्याच्या जुन्या मंडळींना अस्वल ठाऊक आहे ते दरवेशाच्या दोरीला बांधलेले. मुलाची भीती जावी म्हणून त्याला अस्वलाच्या पाठीवर बसवायचे आणि त्याचा केस ताइतात घालायचा, ही आपल्याकडची रीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो खेळ हळूहळू बंद पडला, हे बरेच झाले. मात्र दोरी नसलेले अस्वल कसे राहते, ते पाहायची इच्छा मनात राहून गेली होती. रतनमहालने ती पुरवली.

दाहोद जिल्ह्यात, देवगड बारियाच्या पलीकडे हे डोंगराळ रान आहे. १९८२ साली ते खास अस्वलांसाठी राखले गेले. क्षेत्र सुमारे ५६ चौरस किलोमीटर. आम्ही गेलो एप्रिलात, मोहाच्या दिवसांत. सोबत तिथल्याच पाड्यावरचा वाटाड्या होता.

सकाळ पाखरांची गेली. तांबटाची ठकठक चालूच होती, वडावर हरियालांचा थवा फळे टिपत होता. एका जुन्या झाडाच्या ढोलीपाशी वाटाड्याने आम्हांला थांबवले. आत धनेशाची मादी अंड्यांवर स्वतःला चिणून घेऊन बसली होती, आणि फटीतून बाहेर आलेल्या तिच्या चोचीत नर एकेक फळ देत होता.

अस्वल दिसले ते दिवस कलताना, घळीच्या पलीकडे. मादी होती, पाठीवरच्या दाट केसांना घट्ट धरून पिलू बसलेले. वाऱ्याची दिशा पाहूनच वाटाड्याने आम्हांला बसवले होते, कारण या जनावराचे डोळे आणि कान मंद, पण नाक फार तिखट. तिने नखांनी वारूळ फोडले, फुंकरीने माती उडवली आणि वाळवी ओढून घेतली. अस्वलाला वरचे पुढचे दोन दात नसतात, ते याचसाठी. तो सूं-सूं आवाज आमच्यापर्यंत स्पष्ट येत होता.

मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचायला बायामाणसे अंधारातच निघतात आणि अस्वलही त्याच झाडाखाली येते. अवचित गाठ पडली की ते अंगावर धावते. वाटाड्याच्या चुलत्याच्या गालावर त्या नखांचे वण आहेत. मी त्याविषयी विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “मोह दोघांचाच. त्या दिवशी दोघेही लवकर उठले.”

हे ऐकून शहरातल्या माणसाने मान खाली घालावी. धोका तो सोसतो, आणि लाभ आपल्यापर्यंत येतो. अस्वल बोरे, उंबरे, बहाव्याच्या शेंगा खाते आणि त्यांचे बी रानभर पेरीत हिंडते. त्या झाडांच्या मुळांनी धरलेले पाणी पानम नदीत उतरते. पानमचा उगम याच डोंगरांतला. पुढे ती महीला मिळते, आणि महीचे पाणी आपण बडोदेकर पितो. तेव्हा रतनमहालला जाणाऱ्याने तिथे विजेरीचे झोत टाकू नयेत, आरडाओरडा करू नये, आणि वाटाड्याचा मोबदला देताना हात आखडू नये.