गोदावरीच्या दरडीवर एम.एस्सी.

सोलापूर-धुळे महामार्ग शहागडला गोदावरी ओलांडतो. नदीच्या एका तीरावर जालना जिल्हा, दुसऱ्या तीरावर बीड. पुलावरून खाली पाहणाऱ्याला वाळू दिसते, आणि गावाचे नाव बातम्यांत येते तेही बहुतेक वाळूच्या निमित्तानेच: लिलाव, हायवा, महसूल पथकाची कारवाई. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याचे लक्ष मात्र आधी दरडीकडे जाते. पुराने तासलेल्या काठावर वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ, त्यात विखुरलेले चुनखडीचे खडे आणि तळाशी वाळू-गोट्यांचा थर. हे सगळे एका उभ्या भिंतीत वाचायला मिळते. विद्यापीठापासून दूर राहून हा विषय शिकणाऱ्याला यापेक्षा चांगला फळा मिळणार नाही.

हा फळा वाचायची एक पद्धत आहे. आधी दरडीच्या पायथ्यापासून वरपर्यंत मोजपट्टी लावायची. प्रत्येक थराची जाडी, रंग, कणांचा आकार वहीत उतरवायचा आणि मग पेन्सिलीने स्तंभाकृती काढायची. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली वाळूचा कण गोल आहे की टोकदार, हे पाहायचे. पांढऱ्या खड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. फसफसला तर चुना. चपटे गोटे कोणत्या बाजूला कलले आहेत, हे होकायंत्रावर नोंदवायचे. वाहते पाणी चपटे गोटे एकावर एक रेलून ठेवते, त्यांचा उतार पाणी आले त्या दिशेला असतो. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी नदी कोणीकडून कोणीकडे वाहत होती, ते आज गोट्यांवरून सांगता येते. या कामाला वीज लागत नाही, इंटरनेट लागत नाही. लागतो तो वेळ आणि नीटस नोंद.

या गाळाचा अभ्यास जुना आहे. वरच्या अंगाला पैठणजवळ मुंगी गाव आहे. तिथल्या हाडे असलेल्या गोट्यांच्या थरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या वाइन यांना १८६०च्या दशकात अकीकाचे छिलके-हत्यार सापडले. पुढे निफाडजवळच्या नांदूर मधमेश्वरला याच नदीच्या गाळातून हत्तीचे जीवाश्म मिळाले, आणि पिलग्रिम यांनी १९०५मध्ये त्यावर लिहिले. प्रवरेकाठी नेवाशाला डॉ. ह. धी. सांकलियांनी १९५०च्या दशकात केलेले उत्खनन तर सर्वांना ठाऊक आहे. शहागडच्या दरडीपुढे वही घेऊन उभा राहणारा या परंपरेतच उभा असतो.

आता घरच्या टेबलावरचा भाग. दूरशिक्षणाची व्यवस्था आपल्याकडे नवी नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५चे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९चे, आणि तेही गंगापूर धरणाजवळ, याच गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात. इग्नूच्या हिशेबात एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास. स्वाध्याय वेळेत द्यायचे, सत्रान्त परीक्षा जून किंवा डिसेंबरमध्ये. भूविज्ञानाच्या जवळच्या विषयांत जिओइन्फर्मॅटिक्सची पदव्युत्तर पदवी तिथून करता येते. पदवी पातळीवरच्या भूविज्ञानाचे पाठ ‘ई-ज्ञानकोश’वर कुणालाही मोफत वाचता येतात. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था २००७पासून दूरस्थ वर्ग घेते. वाचायला काही कमी नाही.

उपग्रह प्रतिमांचे काम तर गावात बसून उत्तम होते. सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा मोफत आहेत, त्यांत दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही मोफत आहे. लँडसॅटचा संग्रह १९७२पासूनचा, जायकवाडी १९७६चे. धरणापूर्वीचे पात्र आणि नंतरचे पात्र शेजारी-शेजारी ठेवून वाळूचे पट्टे कुठे सरकले, कुठे आटले, काठ किती खचला, हे मोजता येते. प्रबंधासाठी याहून जवळचा विषय शोधूनही सापडणार नाही. शिवाय घरची जमीन नदीकाठी असेल, तर तो निव्वळ गुणांसाठी केलेला अभ्यास राहत नाही.

खरी अडचण सूक्ष्मदर्शकाची. बेसाल्टचा तुकडा ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासून काचपट्टीवर बसवला की त्यातून प्रकाश आरपार जातो. ध्रुवित प्रकाशात तबकडी फिरवली की प्लॅजिओक्लेजच्या राखाडी-पांढऱ्या पट्ट्या आळीपाळीने उजळतात आणि मावळतात, ऑजाइट निळ्या-नारिंगी रंगांत झळकते. खडकशास्त्र या तबकडीवरच शिकले जाते. ते पुस्तकातल्या चित्रावरून येत नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१मध्ये पहिले विद्यार्थी घेतले, तेव्हा ही अडचण ओळखून तिने विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगाच्या पेट्या घरपोच पाठवल्या. त्यांत मॅकआर्थर बनावटीचा छोटा सूक्ष्मदर्शकही असे. पुढे तिने आभासी सूक्ष्मदर्शक केला. त्यात खडकांचे छेद पडद्यावर फिरवून पाहता येतात, तेही मोफत. शहागडच्या विद्यार्थ्याने त्यावर सराव जरूर करावा. पण छेद स्वतः घासणे आणि तो जाड राहिला की रंग कसे फसवतात ते अनुभवणे, हे पडद्यावर होत नाही.

दुसरी मर्यादा खुद्द भूमीची आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या जवळजवळ आडव्या थरांनी बनला आहे. घड्या पडलेले, उलटेपालटे झालेले खडक इथे पाहायला मिळत नाहीत. ग्रॅनाइट पाहायचा तर नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे जावे लागते. सागरी जीवाश्मांसाठी तमिळनाडूतले अरियलूर. क्षेत्रभेटीला पर्याय नाही, आणि ज्या अभ्यासक्रमात ती नाही त्यावर भूविज्ञानाचे नाव शोभत नाही.

आडवा लाव्हाही मात्र पुष्कळ शिकवतो, विहिरीत उतरले तर. विहीर खोदणारे परसात खोली सांगतात: इतके परस मुरूम, इतके मांजऱ्या, मग कातळ. मांजऱ्या खडकातली पोकळ्या भरणारी पांढरी खनिजे म्हणजे झिओलाइट. आम्ल टाकले तर ती चुन्यासारखी फसफसत नाहीत. पाणी झिजलेल्या खडकात आणि मांजऱ्यात साठते, घट्ट कातळात फक्त भेगांतून हलते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. विद्यार्थ्याने आपल्या शिवारातल्या काही विहिरी त्याच महिन्यांत मोजल्या, तर दोन पावसाळ्यांत त्याच्या हाती स्वतःची, खरी आकडेवारी येते.

पदवीच्या मान्यतेबद्दल अजूनही कुजबुज चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्ट केले आहे की मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. तेव्हा अर्ज भरण्याआधी आयोगाच्या यादीत संस्था आणि अभ्यासक्रम दोन्ही आहेत का, हे तपासावे. प्रात्यक्षिके कुठे होणार आणि क्षेत्रभेट किती दिवसांची, हेही लेखी विचारावे.

आणि अंबड, गेवराई, जालन्याच्या महाविद्यालयांना एक विनंती. एक ध्रुवण सूक्ष्मदर्शक, वीस-पंचवीस छेदांची पेटी आणि चाळण्यांचा एक संच एवढे साहित्य रविवारी दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी खुले करा. दरड त्यांच्याकडे आहेच.