लाकडी सामानाचा सूर्यप्रकाशाने होणारा रंगबदल

पॉलिश किंवा व्हार्निश केलेल्या लाकडी सामानाच्या रंगात उन्हामुळे कालांतराने पडणाऱ्या फरकास व्यवहारात सरसकट ‘रंग उडणे’ असे म्हणतात. हे नाव अपुरे आहे. कारण पुष्कळ जातींचे लाकूड उन्हाने फिकट न होता गडद होते.

लाकडात वजनाने सु. २० ते ३० टक्के लिग्निन असते. कोशिकांना सांधून ठेवणारे हे बहुवारिक जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरण शोषून घेते. हवेतील ऑक्सिजनाच्या सान्निध्यात त्याचे विघटन होऊन पिवळसर तपकिरी संयुगे बनतात. त्याच वेळी मध्यकाष्ठातील (खोडाच्या गाभ्यातील पक्व लाकडातील) रंगद्रव्ये जातीपरत्वे गडद होतात किंवा विरंजित होतात. यांपैकी जी क्रिया वरचढ ठरते तिच्यावर अंतिम रंग अवलंबून असतो. महॉगनी गडद होते, तर अक्रोडाचे लाकूड फिकट होत जाते. खिडकीची साधी काच आखूड तरंगलांबीचे जंबुपार किरण अडविते, परंतु लांब तरंगलांबीचे बरेचसे किरण आत येऊ देते. त्यामुळे काचेआड सामान सुरक्षित राहते, ही समजूत बरोबर नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील (स्थापना १९९८) सातपुड्याच्या पानझडी वनांत साग हा प्रमुख वृक्ष आहे. नुकत्याच रंधलेल्या सागाच्या फळीवर हिरवट, पिवळसर व काळपट रेषांची सरमिसळ दिसते. प्रकाशात ती काही आठवड्यांत ओसरून एकसारखा सोनेरी तपकिरी रंग येतो. हळदूचे पिवळे लाकूडही उघडे राहिल्यास तांबूस तपकिरी होते. म्हणून रंधलेल्या फळ्या काही दिवस सारख्या उजेडात ठेवून मगच पॉलिश करणे हिताचे असते. घरातील चुलीच्या धुराने खांब-तुळयांना येणारा काळेपणा मात्र या प्रकारात मोडत नाही.

नंदुरबार शहर सु. २१° २२’ उत्तर अक्षांशावर आहे. तेथे जूनअखेरीस मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तर डिसेंबरअखेरीस तो दक्षिणेस क्षितिजापासून सु. ४५° उंचीवर राहतो. अर्थात दक्षिणेकडील खिडकीचे ऊन, तिची वरची कड जमिनीपासून जितकी उंच तितकेच, आत पोहोचते. या खिडकीजवळच्या टेबलावरील डाग बहुधा कडक उन्हाळ्याचा नसून हिवाळ्याचा असतो. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांतून तिरपे ऊन बाराही महिने येते.

लेपाचाही यात वाटा असतो. सेल्युलोज नायट्रेटाचे लॅकर उन्हाने पिवळे पडते. याउलट जवसाच्या तेलाचा लेप अंधारात पिवळा पडतो व उजेडात पुन्हा फिकट होतो. ॲनिलीन रंगांची छटा लवकर उडते. गेरूसारखी लोहयुक्त खनिज रंगद्रव्ये टिकतात.

टेबलावर एकाच जागी राहिलेल्या फुलदाणीखाली सागाचा फिकट ठसा उमटतो. ती हलविल्यास ठशाची जागा उजेडाने हळूहळू भोवतालच्या रंगास गाठते. विरंजनाने फिकट झालेला भाग असा पूर्ववत होत नाही. तेथे लेप काढून लाकूड घासावे लागते. जंबुपार किरण लाकडात सु. ०.०७५ मिमी. आणि दृश्य प्रकाश सु. ०.२ मिमी. एवढाच शिरत असल्याने पातळ तासणीने मूळ रंग उघडा पडतो. मात्र त्याबरोबर जुन्या सामानावर अनेक वर्षांत चढलेली सोनेरी छटाही निघून जाते आणि तासलेली फळी शेजारच्या फळ्यांशी जुळेनाशी होते. म्हणून एखादाच भाग तासण्याऐवजी संपूर्ण पृष्ठ एकदम घेतात. पातळ काष्ठपापुद्रा चिकटविलेल्या सामानास हा उपाय धोक्याचा आहे.