जुन्या जॅग्वार गाडीची घरगुती निगा

नवी असतांना जी मोटार केवळ धनिकांच्या दारींच उभी राहूं शकते, तीच वीस-पंचवीस वर्षांनीं बेताच्या प्राप्तीच्या गृहस्थाच्या आटोक्यांत येते. गाडीची किंमत उतरते. तिची भूक मात्र उतरत नाहीं. बारा सिलिंडरांची गाडी कितीहि स्वस्तांत पदरीं पडली तरी तिला ठिणगीचे प्लग बाराच लागतात, इंजिनाचें तेल सुमारें दहा लिटर लागतें, आणि इंजिन थंड ठेवण्याचें पाणी वीस लिटरांच्या घरांत भरावें लागतें. दारीं हत्ती झुलावा असें पुष्कळांस वाटतें, पण त्याच्या वैरणीचा हिशेब आधीं मांडणारे थोडे. इंग्लंडांत या हौसेचें ठळक उदाहरण म्हणजे जॅग्वार कंपनीची एक्स-जे-एस ही गाडी होय.

कॉव्हेंट्री येथें तयार होणारी ही गाडी १९७५ सालीं बाजारांत आली व तिची निपज १९९६ पर्यंत चालू राहिली. तिचें बारा सिलिंडरांचें इंजिन त्यापूर्वीं चार वर्षें, म्हणजे १९७१ सालीं, त्याच कंपनीच्या ई-टाइप गाडींत प्रथम बसविण्यांत आलें होतें. वॉल्टर हॅसन व हॅरी मंडी या अभियंत्यांची ती करणी. सहा-सहा सिलिंडरांच्या दोन रांगा साठ अंशांच्या कोनांत एकमेकींपासून दूर झुकलेल्या, ठोकळा आणि त्यावरील हेड हीं दोन्ही ॲल्युमिनियमचीं, आणि सिलिंडरांची एकूण जागा ५,३४३ घन सेंटिमीटर. १९८१ सालीं मायकेल मे या स्विस अभियंत्याच्या योजनेप्रमाणें हेडची घडण बदलली. त्यानें पेट्रोलचा खप कांहींसा आटोक्यांत आला. ताशीं दीडशें मैलांच्या आसपास धांवणारी ही गाडी चालतांना इतकी शांत असे कीं, इंजिन चालू आहे किंवा नाहीं हें काट्याकडे पाहूनच ठरवावें. २००८ सालीं जॅग्वार कंपनी मुंबईच्या टाटा मोटर्सनें फोर्ड कंपनीकडून विकत घेतली, त्यामुळें हें नांव आतां महाराष्ट्रालाहि परकें राहिलेलें नाहीं.

अशा गाडीचा मालक स्वतः बाह्या सरसावून बसतो तो केवळ छंदापायीं नव्हे. कारखान्यांत तासावर मजुरी मोजली जाते, आणि या इंजिनाभोंवतीं जागा इतकी दाटीची कीं क्षुल्लक भाग बदलण्यासहि दुसरे दहा भाग उतरावे लागतात. मजुरीचा आंकडा गाडीच्या किंमतीला सहज गांठतो. दुसरें कारण अधिक गंभीर आहे. चाळीस वर्षें पुरीं झालेल्या व मूळ रचनेंत मोठा फेरफार न केलेल्या गाड्यांना ब्रिटनमध्यें मे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती उरली नाहीं. आरंभींच्या एक्स-जे-एस गाड्या आतां या सवलतींत बसतात. गाडी रस्त्यास योग्य ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावर पूर्वींइतकीच आहे, आणि तपासणारा त्रयस्थ डोळा नसल्यामुळें त्याचेच डोळे काय ते कामाचे.

असे नवे मालक बहुधा प्रथम कातडी बैठकींना तेल चोळतात, रंगाला चकाकी आणतात, चाकांना रुपेरी मुलामा देतात. हा क्रम उलटा आहे. या गाडीचा खरा वैरी तिच्या बॉनेटखालीं कोंडलेली उष्णता होय, आणि बहुतेक व्याधींचें मूळ शोधीत गेल्यास तें तेथेंच सांपडतें. म्हणून थंड ठेवणारी यंत्रणा आधीं, पेट्रोलच्या नळ्या तिच्या पाठोपाठ, मग ठिणगी आणि ब्रेक; चकाकीला सर्वांत शेवटीं स्थान द्यावें.

इंजिनाचें पाणी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यांतून, बिडाच्या सिलिंडरांच्या बाहेरून आणि रेडिएटरमधून सतत फिरत असतें. निरनिराळ्या धातूंच्या संगतींत नुसतें पाणी राहिलें म्हणजे गंज चढूं लागतो. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत ताक कळकतें, तसाच कांहींसा हा प्रकार. यासाठीं पाण्यांत गंजरोधक असलेलें गोठणविरोधी द्रव्य निम्मेंनिम मिसळतात. त्याचें नांव गोठणविरोधी असलें तरी उन्हाळ्यांतहि तें तितकेंच आवश्यक असतें, आणि ठराविक मुदतीनें तें पालटावें लागतें, कारण त्यांतील गंजरोधक गुण हळूहळू खर्ची पडतो. मागच्या मालकानें या बाबतींत आळस केला असेल तर गंजाचा गाळ रेडिएटरच्या तळाशीं बसून खालच्या नळ्या बुजलेल्या असतात. तरीहि थंडीच्या दिवसांत, मोकळ्या रस्त्यावर गाडी ठीक चालते. काटाहि मध्यावर राहतो. मग उन्हाळ्यांतील एखाद्या दुपारीं वाहनांच्या गर्दींत ती अडकते आणि काटा चढूं लागतो.

याचा परिणाम काय होतो हें नीट समजून घेतलें पाहिजे. ॲल्युमिनियम तापलें म्हणजे लोखंडाच्या मानानें फारच फुगतें. हेडमध्यें घट्ट बसविलेलीं व्हॉल्व्हचीं बैठकवजा कडीं अतिउष्णतेनें सैल होतात व एखादें कडें जागेवरून निसटतें. हेड वांकतें तें वेगळेंच. आणि हेड काढणें म्हणजे घरच्या अंगणांत करण्याचें काम नव्हे. त्यांतून जाणारे लांब पोलादी खिळे गंजानें असे जखडलेले असतात कीं, तरबेज कारागीरहि तेथें घाम गाळतो. येथें आणखी एक फसवणूक ध्यानांत ठेवावी. पाणी गळून पातळी फार खालीं गेली म्हणजे तापमान मोजणारा दाणा पाण्याबाहेर पडतो, आणि इंजिन भाजत असतां काटा खालचें तापमान दाखवूं लागतो. चढलेला काटा आपोआप उतरला म्हणून निर्धास्त होणारा मालक नेमका याच घटकेला इंजिन गमावतो.

रेडिएटर बुजला आहे किंवा नाहीं हें पाहण्याची रीत सोपी आहे. इंजिन पूर्ण तापवून बंद करावें, बॅटरीची तार सोडावी म्हणजे विजेचा पंखा अचानक फिरून बोटें तोडणार नाहीं, आणि मग रेडिएटरच्या पृष्ठभागावरून हात जवळ नेत जावें. सगळीकडे ऊब असून तळाचा भाग थंडगार लागला तर तेथें पाणी फिरत नाहीं असें समजावें. असा रेडिएटर काढून कसबी माणसाकडून आंतून साफ करून घ्यावा किंवा नवा बसवावा. वरून औषध ओतून गाळ विरघळविण्याच्या युक्त्यांवर फारसा भरंवसा ठेवूं नये. त्याच वेळीं दोन्ही बाजूंचे थर्मोस्टॅट, सगळ्या रबरी नळ्या व टाकीचें झाकण नवें घालावें. हें झाकण पाण्यावर दाब ठेवतें व त्यामुळें पाणी शंभर अंशांवरहि उकळत नाहीं. म्हणूनच तापलेल्या गाडीचें झाकण उघडणाराच्या तोंडावर वाफेचा फवारा उडतो. पुन्हां पाणी भरतांना पुढची बाजू थोडी उंच ठेवून, आंतील हीटर पूर्ण उघडून, सावकाश भरावें, म्हणजे हवा कोठें अडकून राहणार नाहीं. काढलेलें जुनें पाणी चवीला गोड पण विषारी असतें. तें उघड्या परातींत ठेवूं नये. घरांत मुलें असतात, दारांत कुत्रीं असतात.

दोन रांगांच्या मधली खोलगट जागा ही या इंजिनाची भट्टी. पेट्रोल वांटणारी नळी व तिच्यापासून बारा फवाऱ्यांना जोडणाऱ्या आंखूड रबरी नळ्या याच भट्टींत असतात. वर्षानुवर्षें भाजून त्या लांकडासारख्या कडक होतात, त्यांना बारीक चिरा पडतात, आणि दाबाखालचें पेट्रोल तापल्या धातूवर ठिबकूं लागतें. एक्स-जे-एस गाड्या जळाल्याच्या हकीकती ऐकूं येतात, त्यांतील बऱ्याच आगींचें कारण हेंच. बारांपैकीं एक नळी गेली म्हणून एकच बदलणें हें काटकसरीचें लक्षण नव्हे; सगळ्या एकदम बदलाव्या. काम इंजिन थंड असतांना, बॅटरी सोडून, दाब उतरवून व मोकळ्या हवेंत करावें, आणि आग विझविण्याचें नळकांडें हाताशीं असावें. नव्या नळ्या मद्यार्कमिश्रित पेट्रोलला टिकणाऱ्या हव्यात. ब्रिटनमध्यें सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंत मद्यार्क मिसळूं लागले. भारतांत तें प्रमाण २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर गेलें. जुन्या जातीचें रबर तें सोसत नाहीं.

त्याच भट्टींत ठिणगी वांटणारा डिस्ट्रिब्यूटरहि बसविलेला आहे. इंजिनाचा वेग वाढला म्हणजे ठिणगी थोडी आधीं पडावी लागते. त्यासाठीं जुन्या पद्धतीच्या डिस्ट्रिब्यूटरच्या पोटांत लहान वजनें असतात, तीं गतीनें बाहेर फांकतात. उष्णतेनें आंतील ग्रीस वाळून चिकट झालें कीं वजनें जागींच चिकटतात. ठिणगी उशिरां पडते, जळण संपण्यापूर्वींच वायू बाहेर जातो, आणि इंजिन अधिकच तापतें. मालक बिचारा रेडिएटरला दोष देत राहतो. परीक्षा एका मिनिटाची आहे: झाकण काढून आंतील रोटर हातानें थोडा पिळावा व सोडावा; तो स्प्रिंगनें मागें आला पाहिजे. पुढच्या टोकांचे दोन प्लग हवा थंड करणाऱ्या यंत्राच्या कॉम्प्रेसरखालीं दडलेले असल्यानें अनेक कारागीर दहा प्लग बदलून बाराचे पैसे घेतात, असा प्रवाद आहे. प्लग इंजिन पूर्ण निवल्यावरच काढावे. ॲल्युमिनियमचे आटे नाजूक असतात.

ब्रेकची रचना चमत्कारिक आहे. मागच्या ब्रेकच्या तबकड्या चाकांत नसून गाडीच्या पोटाखालीं, डिफरन्शियलच्या दोहों अंगांना आहेत. चाकें हलकीं राहावींत हा हेतु चांगला, पण तबकड्यांची उष्णता शेजारच्या तेलरोधक कड्यांना भाजते, तेल पाझरतें आणि तेंच तबकड्यांवर उडतें. अखेरच्या दोन-तीन वर्षांत तयार झालेल्या गाड्यांत ही रचना सोडून दिली. घर्षणाच्या गाद्या घरीं बदलतां येतात. तबकड्या बदलण्यास बहुधा संपूर्ण मागचा सांगाडा खालीं उतरवावा लागतो, तें दोघां-तिघांचें काम. गाडीचें वजन पावणेदोन टनांच्या आसपास आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींहि, क्षणभरहि, शिरूं नये. सपाट व टणक जमिनीवर भक्कम स्टँड लावून, गाडीला हातानें हिसका देऊन पाहावें आणि मगच खालीं जावें. खालीं गेल्यावर मागचे टेकू फरशीला जेथें जोडलेले असतात तेथें गंज पाहावा. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषतें व मग उताराच्या रस्त्यावर उकळतें. दर दोन वर्षांनीं तें बदलावें. टायरवर शेवटीं चार आंकडे कोरलेले असतात. ०८१९ म्हणजे २०१९ सालचा आठवा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी पंधरा वर्षांच्या टायरवर दीडशें मैलांची गाडी हांकूं नये.

विजेच्या तक्रारींत नवे भाग घेण्यापूर्वीं, तारा गाडीच्या अंगाला जेथें जोडल्या आहेत ते सांधे घांसून स्वच्छ करावे. निम्म्या तक्रारी तेथेंच मिटतात.

काम पुरें झाल्यावर पहिली फेरी घराभोंवतालची असावी. परत आल्यावर रात्रभर गाडीखालीं पांढरा पुठ्ठा पसरून ठेवावा व सकाळीं डाग पाहावे. काळपट डाग इंजिनाच्या तेलाचा, तांबडा गिअरपेटीच्या किंवा स्टीअरिंगच्या तेलाचा, हिरवा-निळा व बोटाला बुळबुळीत लागणारा थंड ठेवणाऱ्या पाण्याचा. मागच्या बाजूस उग्र वासाचा दाट डाग दिसला तर तो डिफरन्शियलचा. पुठ्ठा कोरा असून पेट्रोलचा वास येत असेल तर किल्लीला हात न लावतां बॉनेट उघडावें.