कुंडीआधीचे शेत

दर फेब्रुवारीत टोकियोच्या उएनो बागेतील महानगर कला संग्रहालयात कोकुफू-तेन भरते. १९३४ साली सुरू झालेले हे जपानमधील सर्वांत मानाचे बोन्साय प्रदर्शन. दिवस ऐन थंडीचे, त्यामुळे पानझडीची झाडे तिथे निष्पर्ण उभी असतात. पाइनचे उणे हिरव्या पानोऱ्याआड झाकले जाते. जुनिपरचे वाळून पांढरे पडलेले लाकूडसुद्धा शोभेचे ठरते. मेपलला अशी कोणतीच सवलत नाही. मुळे जमिनीला कशी भिडली आहेत, खोड वर जाताना कसे निमुळते झाले आहे, आणि कधीकाळी करवत नेमकी कुठे चालली होती, सारे उघड्यावर असते.

हातभर उंचीच्या त्या मेपलचे दंडाएवढे बूड पाहून बहुतेकांची समजूत होते, की हे झाड जन्मभर कुंडीत अर्धपोटी ठेवून खुरटवले असणार. ही समजूत झाडावरही अन्याय करते आणि ते वाढवणाऱ्यावरही. असे भरदार खोड उथळ कुंडीत सहसा तयारच होत नाही. ते शेतात, खत, पाणी आणि ऊन मुबलक मिळालेल्या, माणसाच्या डोक्यावर गेलेल्या झाडाचे बूड असते.

कारण साधे आहे. सालीखालचा पेशींचा पातळ थर दरवर्षी लाकडाचे नवे वलय चढवतो. ते वलय किती जाड होणार, हे मुख्यतः त्या जागेच्या वर किती पाने अन्न बनवत आहेत यावर ठरते. कुंडीत मुळांना जागा नाही म्हणून पानेही बेताची, आणि वलये कागदासारखी बारीक. जमिनीत लावलेला ट्रायडंट मेपल मात्र एका हंगामात मीटरभर, कधी त्याहूनही उंच झेपावतो.

तीन टोकांच्या पानांचा हा मेपल मूळचा पूर्व चीनमधला. शेतातून कुंडीत येण्याचा प्रवास पानझडीच्या फार थोड्या झाडांना त्याच्याइतका मानवतो. त्याच्या जुन्या लाकडातूनही डोळे फुटतात. मोठे घाव लवकर भरून येतात. एकमेकांना टेकलेली मुळे काही वर्षांत जुळून जातात आणि बुडाशी सलग पसरट चौथरा तयार होतो. काही शेतकरी तर कोवळी रोपे जुडीने घट्ट बांधून लावतात आणि त्यांचे एकच खोड होऊ देतात. कडक गोठणाऱ्या थंडीत मात्र त्याची पाणीदार मुळे दगावतात, म्हणून हिवाळ्यात कुंड्या आडोशाला न्याव्या लागतात.

काम सुरू होते ते मुळांपासून. सोटमूळ छाटलेले रोप फरशीवर किंवा लाकडी फळीवर बसवतात आणि फळीसकट जमिनीत पुरतात. खाली वाट नसल्यामुळे मुळे चहूबाजूंना आडवी धावतात. दुसरी रीत अशी, की कोवळे रोप भोक पाडलेल्या चकतीतून ओवायचे. खोड फुगले की चकती त्याला आवळते, वरून उतरणारे अन्न तिथे अडते आणि चकतीच्या वरच्या अंगाला नव्या मुळांचे कडे फुटते. डाळिंबाची गुटी बांधणाऱ्याला यातले तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. दर दोन-तीन वर्षांनी झाड उपटून खाली वळलेली, जाड झालेली मुळे काढून टाकतात. ही उस्तवार चुकली, तर पुढे खोड कितीही देखणे झाले तरी झाड मातीत खुपसलेल्या खुंटासारखे दिसते.

मग येते करवत. बोन्साय करणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा, की उंची बुडाच्या व्यासाच्या सुमारे सहापट असावी. ६० सेंटिमीटरचे झाड हवे असेल तर बूड १० सेंटिमीटरचे हवे. तेवढे भरेपर्यंत झाडाला मोकळे वाढू द्यायचे आणि मग जमिनीपासून १५-२० सेंटिमीटरवर सरळ कापायचे. शेंड्यातून खाली उतरणारे ऑक्झिन हे संप्रेरक तोवर खालच्या डोळ्यांना दाबून ठेवत असते. शेंडा गेला की ते जागे होतात आणि कापाभोवती फुटव्यांची गर्दी उसळते. त्यांतला एक निवडून त्याला नवा शेंडा करायचे. तो जुन्या खोडाच्या निम्म्याहून जाड झाला की पुन्हा कापायचे, या वेळी आधीपेक्षा कमी अंतरावर. अशा दोन-तीन कापण्यांत खोडाला निमुळतेपणा आणि वळण येते. त्यात दहा-बारा वर्षे सहज जातात.

बुडाजवळची एखादी फांदी शेवटी कापायचीच, हे ठरवूनच बेफाम वाढू देतात. ती फक्त आपल्या जोडाखालचे खोड जाड करते, त्यामुळे नेमकी कुठे भर घालायची हे शेतकऱ्याच्या हाती राहते. खरे कसब इथेच दिसते. फांदी वेळेवर काढली तर तिचा घाव शेतातल्या जोमावर दोन-तीन हंगामांत मिटतो. लोभाने आणखी वर्ष-दोन वर्षे ठेवली तर मागे राहणारे भगदाड उएनोच्या फेब्रुवारीत कुणाच्याही नजरेतून सुटत नाही.

जपानमध्ये शेतात झाड वाढवणारा आणि कुंडीत ते घडवणारा, हे बहुधा वेगळे लोक असतात. ताकामात्सु शहराच्या किनाशी आणि कोकुबुंजी भागांत शेतांमधून पाइनच्या रांगा उभ्या दिसतात. देशातील पाइन बोन्सायपैकी सुमारे ८० टक्के याच शहरातून येतात. याउलट ओमिया हे कुंडीवाल्यांचे गाव. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतील बोन्साय व्यावसायिकांनी चांगली माती आणि मोकळी जागा शोधत १९२५ पासून ते वसवले. इथे राहणाऱ्याने किमान दहा बोन्साय बाळगावेत, बाग सर्वांना खुली ठेवावी, दुमजली घर बांधू नये, कुंपण हिरवे असावे, असे नियम त्यांनी स्वतःच घालून घेतले होते.

शेतातून आलेल्या मेपलवर बहुधा एकही कामाची फांदी नसते. ती सगळी जुळणी कुंडीत, नव्याने. आधी ऐसपैस लाकडी पेटी, मग अकादामासारखी दाणेदार, निचऱ्याची माती आणि हळूहळू उथळ होत जाणारी भांडी. फांदी हवी तिथे डोळाच नसेल, तर कोकणात आंब्याला करतात तशी भेट कलम करून ती बसवतात. निरोगी झाडाची पाने उन्हाळ्याच्या सुरुवातीला काढून टाकली की दुसरी पालवी बारीक येते आणि काड्यांना काड्या फुटतात. मात्र सततची खुडणी झाडाला थकवते. म्हणून जर्मनीतील बोन्साय कलाकार वॉल्टर पॉल घडणीतल्या झाडांना वसंतात मोकळे वाढू देतात आणि नंतर मेंदीच्या कुंपणासारखे एकदम कातरतात. शेतातले तत्त्व त्यांनी कुंडीत आणले, आणि ते पटण्याजोगे आहे.

मेपलला हिवाळी झोपेसाठी लांब, खरी थंडी लागते. पुण्या-मुंबईच्या हवेत त्याच्यामागे लागण्यापेक्षा चिंच, वड किंवा उंबर हाती घ्यावा. त्यांची खोडेही याच रीतीने भरतात, फक्त मोठी छाटणी पावसाच्या तोंडावर करावी. वड-उंबराचा चीक वाहून थांबला की मग कापाला लेप लावावा. शेत नसेल तर जाळीदार टोपलीत रोप लावून ती अंगणातल्या मातीवर ठेवता येते. मुळे जाळीतून खाली उतरली की खोड भरू लागते. दर दोन वर्षांनी टोपलीखालची मुळे कापली की आतला तंतुमुळांचा गोळा शाबूत राहतो, आणि ठरवाल त्या वर्षी झाड कुंडीत नेता येते.