जुन्या टेलिव्हिजनची बैठक

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्यानंतर ठाणें-कल्याणकडील घरांत आलेले लांकडी पेटीचे संच कांहीं कुटुंबांनीं अजून जपले आहेत. आमच्या डोंबिवलीच्या घरीं अशा संचाचा एक पाय मोडला, तेव्हां चिरंजीवांनीं तो तिपाईवर ठेविला. धाकटा नातू त्यास धरून उभा राहतांच संच पुढें झुकला. सूनबाईंनीं धांवत येऊन सांवरला म्हणून अनर्थ टळला. चित्रनळीची जाड कांच पुढें असल्यानें सारा भार पुढेंच येतो. म्हणून आम्हीं सुताराकडून संचाहून रुंद, बुटकी सागवानी बैठक करविली. तिचे पाय बाहेर कललेले व आडव्या पट्ट्यांनीं जखडलेले आहेत. पेटीच्या तळास मात्र लांब खिळे ठोकूं नयेत. वीज तोडल्यावरही चित्रनळींत विद्युत्भार उरतो. आधेयाहून आधार विस्तृत असावा, हें गृहव्यवहारांतही खरें.